मला खाली वाटून राहिलं

हिंदी चपलांसोबत दाराबाहेर काढून ठेवायची, असा आमच्या घरात बाबांचा कायदा होता. घर जबलपुरात, अधारतालला. शेजारी हिंदी, समोर हिंदी, दूधवाला हिंदी, शाळा-कॉलेज हिंदी, गल्लीत भांडण झालं तर तेही हिंदीत. बाबा स्वतः फॅक्टरीत दिवसभर हिंदीच बोलायचे. पण संध्याकाळी स्कूटर लावून उंबऱ्याच्या आत पाय ठेवला की त्यांचे कान बदलायचे. मी "पापा, पानी दूँ?" म्हटलं की ते भिंतीकडे बघत बसायचे, घरात कोणी बोललंच नाही असे. "बाबा, पाणी देऊ?" म्हटलं की लगेच, "हो, दे ना बेटा." बेटा हिंदी नाही का, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, "ते आपल्याकडे पहिल्यापासून चालते. तू शहाणपणा नको शिकवू."

आमचं मूळ अमरावतीकडचं. पणजोबा नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. बाबांना धास्ती होती ती मराठी जाईल याची. ती त्यांच्या डोळ्यांदेखत चाललीच होती, माझ्या तोंडातून. मला कळायचं सगळं, बोलताना मात्र तारांबळ. नागपूरची मावशी म्हणायची, "हिची मराठी म्हणजे हिंदीला नऊवारी नेसवलेली. आणि नेसवली तीही अशी की कुठं सुटेल सांगता येत नाही." सगळे हसायचे, मीही हसायची. या मराठीमुळे एक दिवस माझा जीव टांगणीला लागेल, असं तेव्हा कोणाच्या मनात आलं असतं?

माझी खोली वर होती. खाली आई-बाबा, वर मी आणि माझ्या खोलीला लागून छत. तुम्ही गच्ची म्हणता ते. खोलीच्या दारातून बाहेर पाय टाकला की छत, आणि छताला कमरेएवढा कठडा. लहानपणापासून मी त्या कठड्याला टेकून पतंग बघितले, पेरू खाल्ले, केस वाळवले. हे सगळं सांगून राहिली कारण पुढे याच कठड्याची मला भीती वाटायला लागली.

सुरुवात कॉलेजात झाली. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. तोंडी परीक्षेला बाहेरून एक सर आले होते, अगदी साधे, खाकरत बोलणारे. त्यांनी विचारलं, ट्रान्सफॉर्मर काय काम करतो. हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. मी तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. छाती धडधडायला लागली, हात बर्फ, कानात घूं आवाज. समोर सरांचे ओठ हलत होते आणि मला वाटलं, मी मरून राहिली. खरंच मरून राहिली, इथं, या लाकडी स्टुलावर. सर घाबरून म्हणाले, "बेटा, पानी पियो." पाणी प्यायले, बाहेर आले, तर जिवंत. मैत्रिणी म्हणाल्या, अरे होतं असं, टेन्शन मत ले.

टेन्शन घ्यायला मी कुठं गेले होते? तेच घर शोधत आलं. त्यानंतर ती भीती परीक्षेशिवायही यायला लागली. वर्गात बसले असताना, ऑटोत, एकदा तर नेपियर टाऊनच्या दुकानात टॉप बघताना. हातातला हँगर थरथरायला लागला आणि दुकानदारीण म्हणाली, "दीदी, पसंद नहीं आया क्या?" मी पळत बाहेर. मग भीती येईल याचीच भीती बसली. कॉलेजला दांड्या सुरू झाल्या. घरातून वेळेवर निघायची आणि कॉलेजच्या बागेत बाकावर बसून परत यायची.

असं बरंच चाललं आणि मग एक दिवस ती धडधडही कमी झाली. मला वाटलं, सुटले. कुठलं काय! धडधडीच्या जागी काहीच उरलं नाही. आईनं पुरणपोळी केली तर चव नाही. मैत्रिणीनं मोठ्यानं हसून काही सांगितलं तर मी तिच्या दातांकडे बघत बसायची. सकाळी डोळे उघडले की पहिला विचार, अरे देवा, पुन्हा दिवस. आणि मग हळूच, कुठून कोण जाणे, कठड्याचा विचार यायला लागला. मला मरायचं होतं का? नाही! हेच तर कोणाला समजवता येत नव्हतं. मला मरायचं नव्हतं आणि माझ्या डोक्यात तो विचार माझ्या परवानगीशिवाय येऊन बसत होता. मला कठड्याची भीती वाटत नव्हती, माझी वाटत होती. मी खोलीचं छताकडचं दार लावून त्याला खुर्ची टेकवून ठेवायची. चोर बाहेर असतो तेव्हा कडी लावता येते. आता कडी लावणारीवरच माझा भरवसा नव्हता.

शेवटी ठरवलं, बाबांना सांगायचं. आईला नाही. आई आधी रडली असती आणि मग तिलाच सांभाळावं लागलं असतं.

थंडीतला रविवार होता. त्या दिवसांत जबलपुरात जिकडे तिकडे मटर. बाबा अंगणात उन्हात पेपर पसरून शेंगा सोलत बसले होते. सोलायचे कमी, खायचे जास्त. मी जाऊन शेजारी बसले, दोन-चार शेंगा सोलल्या. वाक्य मी वरूनच जुळवून आणलं होतं, आणि ते मराठीत आणलं होतं. हिंदीत बोलले असते तर ते भिंतीकडे बघत बसले असते, आणि दुसऱ्यांदा बोलायची हिंमत माझ्यात नव्हती.

एकच शब्द अडत होता. मैत्रिणी म्हणायच्या, "यार, अंदर से एकदम खाली-खाली लगता है." अगदी तसंच मला वाटत होतं. त्याला मराठी काय? रिकामं. हो, येत होता मला तो शब्द, इतकी काही मी अडाणी नव्हते. पण आमच्या घरात रिकामं म्हणजे शिवी. आई उठता-बसता म्हणायची, "रिकामी बसू नको." रिकामी म्हणजे आळशी, बिनकामाची, रिकामटेकडी. डबा रिकामा असतो, पिंप रिकामं असतं, पण माणसाला आतून रिकामं वाटतं हे मराठीत माझ्यासमोर कधी कोणी बोललं नव्हतं. मला रिकामं वाटतं म्हटलं असतं तर आईनं परात पुढ्यात सरकवून मेथी निवडायला बसवलं असतं. म्हणून मी तो एक शब्द हिंदीतला घेतला आणि मराठीत घातला.

"बाबा," मी म्हटलं, "मला खूप खाली वाटून राहिलं."

बाबांनी तोंडाशी नेलेली शेंग तशीच धरली. माझ्याकडे नीट बघितलं.

"खाली वाटून राहिलं?"

"हो."

"मग खालीच ये ना बेटा! काहून एकटी वर बसून राहिली?" आणि त्यांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. "आणि 'खाली वाटून राहिलं' नाही म्हणत. 'खाली यावंसं वाटून राहिलं', असं म्हण. बरोबर बोलत जा."

बाप्पा! मी जीव मुठीत धरून दुखणं सांगायला आले आणि बाबांनी माझं व्याकरण सुधारलं.

आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बोललीच, "मी तर केव्हाची म्हणून राहिली, तरण्या पोरीनं वर एकटं राहायचं म्हणजे काय! भुतासारखी!" आणि दोघंही जे कामाला लागले! मटर तसाच उन्हात. बाबा वर, मी मागे. पलंगाच्या एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला मी. जिन्याच्या वळणावर पलंग असा अडकला की खालीही जाईना, वरही येईना. बाबा खालच्या बाजूला भिंतीला चेपलेले, तिथून ओरडले, "हा जिना ज्यानं बांधला, त्याच्या..." आणि थांबले. जिना आजोबांनी बांधला होता. शिवी अर्धीच राहिली.

मी हसले. खरंच हसले, खूप दिवसांनी. आणि हसता हसता आत काहीतरी खचलंच, कारण आता सांगून झालं होतं. बाबांनी ऐकलं होतं, औषधही केलं होतं. लेकीनं तोंडानं मागितलं आणि आपण दुपारच्या आत करून दाखवलं, या आनंदात ते पलंगाचे पाय पुसत होते. त्यांना परत कोणत्या तोंडानं सांगायचं की बाबा, तुम्ही चुकीचं दुखणं बरं केलं? मी गादी झटकली आणि अंथरली.

पलंग बैठकीत आला, देवघराच्या बाजूला. आता भीतीसोबत सोबतही होती, म्हणजे अजून पंचाईत. कोणासमोर गप्प पडायची सोय नाही. आई झाडू मारता मारता म्हणायची, "रिकामी पडू नको, उठ." बाबा फॅक्टरीतून आले की विचारायचे, "आता बरं वाटून राहिलं ना खाली?" मी म्हणायची, "हो बाबा." ते खूश. देवा रे, किती खूश असायचे.

मग तो सोमवार आला. आईनं धुतलेल्या कपड्यांची बादली माझ्या हातात दिली. "छतावर वाळत घालून ये जरा, माझे पाय दुखून राहिले." तिला काय माहीत! नाही कसं म्हणणार? काहून नाही, असं तिनं विचारलं असतं. मी बादली घेऊन जिना चढले. वर लख्ख ऊन. शेजारच्या छतावर बाई लिंबाच्या लोणच्याच्या फोडी पसरवत होती, खाली कुणाचं तरी पोर पाढे घोकत होतं. मी एक चादर दोरीवर टाकली. दुसरी हातात घेतली. आणि मग माझ्या लक्षात आलं, मी दोरीजवळ नाही. चादर हातात धरून मी कठड्याजवळ उभी होते आणि तिथवर कशी चालत आले ते मला आठवत नव्हतं.

त्या भीतीबद्दल मी अजून नीट बोलू शकत नाही. तोंडी परीक्षेतली भीती हिच्यासमोर पोरखेळ होता. मी तिथंच खाली बसले, छताच्या गरम फरशीवर, आणि बसल्या बसल्याच मागे सरकत दारापर्यंत आले. लहान मूल सरकतं तशी. शेजारच्या बाईनं विचारलं, "क्या हुआ बिटिया, पैर में काँटा?" मी म्हटलं, "हाँ आंटी." बादली तशीच उचलून खाली आले. आई म्हणाली, "अगं, ओलेच कपडे परत घेऊन आली? कुठं लक्ष असते तुझं?" मी तिच्याकडे बघितलं, आणि मला पहिल्यांदा स्पष्ट कळलं की आता कोणाला सांगितलं नाही, तर सांगायला मी राहणार नाही.

आमच्या कॉलेजात एक खोली होती, 'परामर्श कक्ष' अशी पाटी असलेली. तुम्ही समुपदेशन म्हणता ते. पोरं तिला 'पागलों वाला कमरा' म्हणायची. आणि ती कुठं? तर परीक्षा विभागाच्या खिडकीला लागून, जिथं सकाळपासून रांग लागलेली. ज्यानं कोणी जागा निवडली त्याला हात जोडले पाहिजेत. आत जायचं म्हणजे अर्ध्या कॉलेजच्या डोळ्यांसमोरून. त्या दुपारी मी आधी रांगेतच उभी राहिले, मार्कशीटच्या कामानं आल्यासारखी. खिडकीपर्यंत माझा नंबर आला, बाबूनं विचारलं, "हाँ, बोलो?" मी म्हटलं, "कुछ नहीं, भैया," आणि बाजूचं दार ढकललं. मागे कोणीतरी खुदकन हसलं. हसू देत मेले.

आतल्या मॅडम तोंडात लवंग धरून बसल्या होत्या. वय आईएवढं. पंखा खडखडत होता. मला वाटलं होतं पांढरा कोट, कुठलीतरी परीक्षा, डाग दाखवून हे काय दिसतं म्हणून विचारतील. त्यांनी फक्त खुर्ची दाखवली आणि मी रडायला लागले. त्यांनी थांबवलं नाही, "अरे अरे" केलं नाही, पाठीवर हात फिरवला नाही. रडून झालं तेव्हा म्हणाल्या, "अब बताओ."

"मैडम, बहुत खाली लगता है."

"कब से?"

बस, एवढंच. कब से. त्यांना तो शब्द जसा मी दिला तसाच पोचला. मी सगळं सांगितलं. बाग, बाक, दुकानातला हँगर, खुर्ची टेकवलेलं दार. छतावर येऊन मात्र अडले. तेव्हा त्यांनी सरळ विचारलं, भाजी काय आणली विचारावं तितक्या साध्या आवाजात, "मरने का खयाल आता है?"

मी दचकले. हा शब्द माझ्या डोक्याबाहेर कोणी उच्चारेल असं मला वाटलंच नव्हतं. आणि उच्चारल्यावर काही कोसळलं नाही. पंखा खडखडतच होता.

"मरना नहीं है, मैडम," मी म्हटलं. "डर लगता है, मुझसे हो जाएगा."

त्यांनी लवंग चावली. मग म्हणाल्या की या खोलीतली गोष्ट या खोलीतच राहते, पण ही एक गोष्ट त्या ठेवू शकत नाहीत. ही घरी कळली पाहिजे, आणि आजच. "तुम्हारे सामने बोलूँगी, पीठ पीछे नहीं. किसको बुलाऊँ, तुम बताओ."

माझी पाचावर धारण बसली. मी हात जोडले. नको मॅडम, बाबांचं ब्लडप्रेशर, आईचं काय होईल, मी शपथ घेते, मी छतावर जाणारच नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच विचारलं, किसको बुलाऊँ. हट्टी बाई. तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता. मी बाबांचा नंबर दिला. ते येईपर्यंत त्यांनी मला खोलीबाहेर सोडलं नाही. थर्मासमधला चहा दिला, स्वतः समोर बसून राहिल्या.

बाबा फॅक्टरीच्या कपड्यांतच आले, हातात हेल्मेट. त्यांचा चेहरा बघून कळलं की वाटेत त्यांनी सगळं मोजून ठेवलंय: नापास झाली, नाहीतर कोणी मुलगा. दोन्हीला तयार होऊन आले होते बिचारे. खुर्चीच्या टोकावर बसले, हेल्मेट मांडीवर.

मॅडमनी माझ्याकडे बघून घेतलं आणि त्यांना सांगितलं. हळू, सोप्या हिंदीत, काही न लपवता. मी फरशीकडे बघत होते. बाबा अधूनमधून "जी," "जी मैडम" करत होते, साहेबापुढे करतात तसं. मॅडम म्हणाल्या, डॉक्टरांना दाखवावं लागेल, पत्ता त्या स्वतः देतील, आणि छताचं दार आजच्या आज बंद करायचं, मुलीला वर एकटं सोडायचं नाही.

तेव्हा बाबा उसळून बोलले. घाबरला माणूस असाच बोलतो, हे आता कळतं. "मैडम, वो इंतजाम तो मैंने कब का कर दिया! पलंग मैं खुद नीचे लाया. इसने मुँह से बोला था मुझको. मटर छील रहा था मैं, ये आके बोली, बाबा, मुझे खाली..."

आणि थांबले.

वाक्य त्यांच्या तोंडात होतं आणि हिंदीत होतं. तो शब्द त्यांनी जसाच्या तसा माझा उचलला होता, आणि हिंदीत ठेवल्याबरोबर तो दुसराच निघाला. मी वर बघितलं. त्यांचे ओठ उघडे होते. "खाली," ते पुन्हा म्हणाले, स्वतःशी, चव बघितल्यासारखं. मांडीवरचं हेल्मेट घरंगळून फरशीवर पडलं आणि त्याचा केवढा आवाज झाला. कोणी उचललं नाही.

मग ते माझ्याकडे वळले. आयुष्यात पहिल्यांदा बाबा माझ्याशी हिंदीत बोलले.

"कितने दिन से, बेटा?"

मी त्यांच्या फॅक्टरीच्या शर्टात तोंड घातलं, ग्रीसचा वास येत होता, आणि मला जाणवलं की ते माझ्यापेक्षा जास्त थरथरून राहिले आहेत.

घरी जाताना ते स्कूटर जोरात चालवत होते. मला वाटलं रागावले. अधारतालच्या थोडं अलीकडे त्यांनी स्कूटर कडेला घेतली, उसाच्या रसाच्या एका बंद गाडीपाशी. उतरले नाहीत, मागे वळले नाहीत.

"रिकामं म्हणायचं होतं ना गं," ते म्हणाले. "रिकामं म्हटलं असतं तर समजलं असतं मला."

"रिकामं म्हटलं असतं तर आईनं मेथी निवडायला बसवलं असतं, बाबा."

त्यांना हसू फुटलं. खांदे हलायला लागले. मीही हसले. मग माझ्या लक्षात आलं की खांदे थांबत नाहीत. हेल्मेट घातलेलंच होतं, काच खाली होती, आणि ती आतून धुरकट झाली होती. बाजूनं जाणाऱ्या एकानं विचारलं, "चाचा, गाड़ी बंद हो गई क्या?" बाबांनी हातानंच नाही म्हटलं.

त्या संध्याकाळी छताच्या दाराला कुलूप लागलं. कपडे अंगणात वाळायला लागले. शेजारी विचारायचे, तर आई सांगायची, "बंदर बहुत आते हैं." खोटं नव्हतं, माकडं येतातच. आई रडली, जितकी मला भीती होती तितकीच रडली, आणि मग डोळे पुसून तिनं विचारलं, "मी रिकामी म्हणते ते तुला लागते का?" मी म्हटलं, "नाही गं." तिनं तेव्हापासून तो शब्द टाकला. आता ती "निवांत" म्हणते. "निवांत पडली का?" तिच्या तोंडी तेही शिवीसारखंच येतं, पण प्रयत्न आहे.

नेपियर टाऊनला डॉक्टर, गोळ्या, दर आठवड्याला मॅडमची खोली. रांगेतले लोक बघायचे. बघा बाप्पा, पोट भरून बघा. आईनं ग्वारीघाटला दिवा सोडायचा नवस केला होता, तोही सोडून आलो. डॉक्टरांची गोळी बंद करायची नाही, एवढी अट बाबांनी घातली, मग नर्मदामाईलाही हरकत नव्हती. लगेच काही बरं वाटलं नाही. कित्येक दिवस गोळ्यांनी नुसती तोंडाला कोरड पडली. हे मी मुद्दाम सांगते, कारण मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी घाबरले होते की माझ्यावर औषधही चालत नाही. पण मग एक दिवस भाजीत मीठ जास्त झालंय हे मला कळलं. मी तसं म्हटलं. आईनं डाव खाली ठेवला आणि बाबांकडे बघितलं. खारट भाजीवर इतके खूश झालेले आई-बाप मी पाहिलेले नाहीत.

आणि तो कायदा? बाबांनी स्वतःच मोडला. म्हणाले, "कोणत्या पण भाषेत बोल. पण बोल."

शेवटचं वर्ष लागलं तेव्हा मीच म्हटलं, पलंग वर नेऊ या. अभ्यासाला शांत लागते. बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी मॅडमना फोन केला, डॉक्टरांना विचारलं, दोघांनी हो म्हटलं तरी त्यांचा पाय निघेना. "वर काहून? खाली काय वाईट आहे?" मग नेला एकदाचा. जिन्याच्या त्याच वळणावर पलंग तसाच अडकला. या वेळी आम्ही कोणी हसलो नाही. बाबांना भीती वाटून राहिली होती ते मला दिसत होतं, आणि मलाही वाटून राहिली होती, ते त्यांना दिसत असेल.

छताच्या कुलपाची चावी अजून त्यांच्याकडेच आहे. मी मागितलेली नाही. त्यांनीही विषय काढलेला नाही.

रोज सकाळी ते जिन्याच्या पायथ्याशी येऊन वर आवाज देतात. एकच शब्द. "खाली?"

गल्लीला वाटतं, बाप पोरीला चहाला बोलावतो. मी वरून ओरडते, "आली!" आणि जाते. रोज तेच. त्या शब्दात ते दोन गोष्टी विचारतात आणि मी दोन्हींचं उत्तर देते, हे आईलासुद्धा उशिरा कळलं.

परवा सकाळी डोळे उघडले आणि कळलं, आज बरं नाही. का, ते माहीत नाही, काही झालं नव्हतं. हात गार. पुन्हा दिवस, तोच विचार, तीच जुनी भीती पलंगाच्या पायथ्याशी येऊन बसलेली. मी पडल्या पडल्या छताच्या दाराकडे बघितलं. कुलूप होतं. तरी बघतच राहिले.

"खाली?" खालून आवाज आला.

"आली" ओठांवर होतं. नेहमीचं होतं, सोपं होतं, ते ओरडून टाकलं असतं तर बाबांचा दिवस चांगला गेला असता.

"हो, बाबा," मी म्हटलं.

मग ओट्यावर कप ठेवल्याचा आवाज आला आणि मग जिन्यावर त्यांची पावलं. गुडघे दुखतात त्यांचे, वर येत नाहीत ते सहसा. वळणावर थांबले, धापा टाकल्या, जिना बांधणाऱ्याला शिवी दिली, या वेळी पूर्ण, आणि पुन्हा चढायला लागले.